अर्धंच खुललेलं दुकान

गणपतीच्या आधीचा आठवडा होता, सोमवार, सकाळचे आठ, आणि आत्याचा फोन. "अगं, ती वेबसाइट पूर्ण खुलत नाहीये." खुलत नाहीये म्हणजे उघडत नाहीये. पुण्याकडचे वाचक असतील त्यांनी सांभाळून घ्या, इंदूरला आमच्या मराठीत दार पण खुलतं, दुकान पण खुलतं आणि आता पेज पण खुलतं. मी पोहे खात होते, वर शेव, वर जिरावण (पोह्यांवर टाकायचा आमचा इंदुरी मसाला), एका हाताने लॅपटॉप उघडला, साइट टाकली, सगळं जागच्या जागी. बॅनर आहे, साड्या आहेत, खाली पत्ता आहे. मी म्हटलं, आत्या माझ्याकडे तर मस्त चाललंय, तुझ्याकडे काय दिसतंय? तर म्हणते माझ्या फोनवर पण चालतंय गं, पण नाशिकच्या एक बाई आहेत त्यांनी फोटो पाठवलाय, त्यांच्याकडे अर्धंच येतंय.

मी म्हटलं त्यांचं नेट स्लो असेल. हे मी म्हटलं होतं हे लक्षात ठेवा, पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल.

थोडं आधीचं सांगते. आत्या राहते लोकमान्य नगरात आणि घरातूनच माहेश्वरी साड्या विकते. दर पंधरा दिवसांनी पहाटेची बस पकडून मानपूर, धामणोद करत महेश्वरला जाते, इथून असेल नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, विणकरांच्या घरी बसून साड्या निवडते, घाटावर पाय बुडवते आणि रात्री परत. लॉकडाऊनमध्ये हे सगळं बंद पडलं तेव्हा मी तिला वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवणारी जोड) टाकून एक ऑनलाइन दुकान उभं करून दिलं. मी डेव्हलपर वगैरे काही नाही, एका सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरते, जे काही येतं ते व्हिडिओ बघून बघून आलेलं. थीम, म्हणजे साइटचं तयार रूपडं, विकत घेतलेली आहे, तिचं नाव इथे लिहीत नाही कारण पुढे कळेलच की तिची बिचारीची काही चूक नव्हती.

त्या थीमवर मी एक चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायची जागा, केली होती आणि तिच्यात माझी अशी एकच गोष्ट होती. माहेश्वरी साडीची खरी मजा किनारीत असते, ताणा रेशमाचा बाणा सुताचा ते तर आहेच, पण किनार अशी विणतात की दोन्ही बाजू चालतात, साडी उलटी नेसली तरी किनार सुलटीच दिसते, विणकर तिला बुगडी म्हणतात. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, मागून कशी दिसते? म्हणून मी प्रत्येक साडीच्या पानावर किमतीच्या वर एक चौकट टाकली, "किनार, दुसरी बाजू", आणि साडी चढवताना तिचे फोटो घालायला वेगळी जागा ठेवली. मला त्या चौकटीचा फार अभिमान होता. होता.

आणि हा आठवडा महत्त्वाचा का, तर महालक्ष्म्या. गणपतीनंतर तीन-चार दिवसांत त्या येतात आणि दोघी बहिणी, म्हणजे साड्या पण दोन लागतात, किनार सारखी, रंग वेगळे. आत्याने यंदा चौदा जोड खास विणून आणले होते. एक चटई किनारीचा, एक ईंट म्हणजे विटेच्या नक्षीचा, एक लाटांचा, महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर बघून उचललेल्या त्याच जुन्या नक्ष्या. दहा दिवस झाले होते साइटवर टाकून आणि एकही जोड गेला नव्हता. आत्याचं निदान असं की बाजारात मंदी आहे. तिने प्रत्येक जोडामागे दोनशे रुपये कमी पण करून टाकले होते.

बरं, नाशिकच्या बाईंचा स्क्रीनशॉट. वर लोगो, मग बॅनर, मग "नवीन आलेलं" आणि "दुपट्टे" असे दोन खोके, आणि त्याच्या खाली पांढरं. नुसतं पांढरं. मध्येच चार राखाडी चौकोन, जिथे साड्यांचे फोटो असायला हवेत तिथे. आणि त्यांनी लिहिलं होतं की वरच्या तीन रेघा दाबल्या तरी मेनू येत नाही. बाई हुशार होत्या, एवढं नीट वर्णन आमच्या ऑफिसातले क्लायंटसुद्धा करत नाहीत.

मी पुण्याच्या चुलत भावाला फोन लावला, तो आयटीत आहे. तो म्हणाला "कॅशे क्लीअर कर." कॅशे म्हणजे लवकर दाखवता यावं म्हणून साठवून ठेवलेलं जुनं पान. ह्या माणसाला सर्दी झाली म्हणून सांगितलं तरी तो कॅशे क्लीअर कर म्हणेल. मी माझ्या ब्राउझरची कॅशे क्लीअर केली, जिथे साइट आधीच नीट दिसत होती, म्हणजे ज्याला ताप नाही त्याला क्रोसिन दिली, आणि ऑफिसला निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली आणि डबा तसाच राहिला. अर्धी. डिट्टो नाशिक. मग माझ्याच लॅपटॉपवर इनकॉग्निटो विंडोत, जिथे आपण लॉगिन नसतो, उघडली, तिथे पण अर्धी, बाजूच्या साध्या विंडोत पूर्ण. तेव्हा डोक्यात दिवा लागला की मी आणि आत्या दोघी कायम लॉगिन असतो. मी ॲडमिन म्हणून, ती शॉप मॅनेजर म्हणून. आणि हे जे कॅशेचे आणि स्पीडचे प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, असतात ते बहुतेक वेळा लॉगिन असलेल्या माणसाला हातच लावत नाहीत, त्याला ताजं, जसंच्या तसं पान देतात, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला आपलं चेपून-घडी घालून ठेवलेलं पान देतात. म्हणजे मालकाला दिसणारं दुकान आणि गिऱ्हाइकाला दिसणारं दुकान ही दोन वेगळी दुकानं आहेत आणि मी दोन वर्षं फक्त मालकाचंच बघत होते. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य ज्याने त्याने इनकॉग्निटोत बघितल्याशिवाय तोंडातून काढू नये, असं मी आता आत्याच्या फ्रीजवर लिहून लावणार आहे.

इथवर मी नीट चालले होते. त्या रात्री मात्र जे केलं ते करू नका.

रात्री दहाला घाबरून मी प्लगइन बंद करायला सुरुवात केली. अकरा प्लगइन होते. एक बंद कर, बघ, परत चालू कर, दुसरा बंद कर, बघ. हे करायची पद्धत बरोबर आहे, सगळे हेच सांगतात, पण मी ते चालू दुकानावर करत होते आणि प्रत्येक वेळी जुनीच जपून ठेवलेली कॅशे बघत होते, म्हणजे काय बदललं ते मला दिसतच नव्हतं. मग म्हटलं थीमच बदलून बघू, वूकॉमर्सवाल्यांची साधी स्टोअरफ्रंट थीम आहे ती लावली. पाच मिनिटांत आत्याचा फोन, आवाज रडका, "अगं माझं दुकान कुठं गेलं? हे कोणाचं आलं?" साहजिकच आहे, बॅनर गेला, रंग गेला, मेनू वेगळाच, सगळं पांढऱ्यावर जांभळं. मी पटकन जुनी थीम परत लावली, नशिबाने तिच्या सेटिंग तिच्या तिच्यापाशी जपलेल्या असतात म्हणून सगळं जिथल्या तिथे आलं, पण आत्याचं बीपी काही लगेच खाली आलं नाही आणि काकांनी मागून विचारलेलं मला ऐकू आलं की "पोलिसात सांगायचं का?"

नंतर कळलं की ह्यासाठी हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग नावाचा एक फुकटचा प्लगइन आहे, त्याचा ट्रबलशूटिंग मोड लावला की फक्त तुमच्यापुरते सगळे प्लगइन बंद होतात आणि साधी थीम लागते, बाहेरच्या माणसाला दुकान जसंच्या तसं दिसत राहतं. त्याला पण मर्यादा आहे, माझ्यासारखी गोष्ट जी लॉगिन नसलेल्यालाच दिसते ती त्यात सापडेलच असं नाही, पण निदान काकांना पोलीस आठवले नसते.

मग चहा केला. आणि चहा पिताना स्वतःला एकच प्रश्न विचारला जो खरं सकाळी आठलाच विचारायला हवा होता, की पान अर्धं आलंय, की पूर्ण आलंय पण अर्धंच दिसतंय? ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पार्सलमधून तीन साड्या निघणं वेगळं आणि सहा निघून तीन कपाटात राहणं वेगळं, पहिल्यात महेश्वरला फोन लावायचा, दुसऱ्यात कपाट उघडायचं.

हे बघायला काही विशेष लागत नाही. इनकॉग्निटोत पान उघडायचं, कंट्रोल आणि यू दाबायचं, पानाचा सगळा कच्चा मजकूर समोर येतो. कोड वाचता येत नसला तरी चालेल, सरळ शेवटापर्यंत जायचं. शेवटी एचटीएमएल बंद करणारा टॅग दिसला, म्हणजे सर्व्हरने आपलं काम पूर्ण केलं, पान अख्खं पोचलं. नाही दिसला तर सर्व्हर मध्येच कोसळलाय. माझ्याकडे टॅग होता. साड्यांची नावं होती, किमती होत्या, फूटरमधला, म्हणजे पानाच्या तळाचा, आत्याचा फोन नंबर होता, सगळं सगळं होतं. पान आलेलं होतं आणि दिसत नव्हतं.

मग एफ 12 दाबून नेटवर्कमध्ये, म्हणजे पानासोबत आलेल्या फाइलींच्या यादीत, गेले, पान रिफ्रेश केलं, एकूण एक फाइल 200, म्हणजे मिळाली. एखादी 404 असती तर फाइल गायब, 403 असती तर कुणीतरी अडवलेली, तसलं काहीच नाही. शेजारच्या कन्सोलमध्ये, जिथे ब्राउझर चुका नोंदवतो, गेले आणि तिथे लाल अक्षरात एकच ओळ बसलेली होती, जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड.

त्या ओळीचा अर्थ असा. थीमने खालचे सगळे भाग मुद्दाम लपवून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक खाली सरकलं की ते हळूच वर तरंगत यावेत म्हणून, आणि साड्यांचे फोटो पण असेच उशिरा भरले जातात, तोवर राखाडी चौकोन. हे सगळं जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, करते आणि आमच्या थीमची जावास्क्रिप्ट जेक्वेरी नावाच्या एका तयार कोडच्या खांद्यावर बसलेली आहे. आता पानातच लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट जेक्वेरीला हाक मारत होती, पण जेक्वेरी अजून आलेलीच नव्हती. भटजी रिक्षातून उतरायच्या आधीच कुणीतरी हातात पाणी घेऊन संकल्पाला बसावं तसं. हाक मारली, कुणी ओ दिली नाही, स्क्रिप्ट तिथेच मेली, आणि लपवलेले भाग लपलेलेच राहिले. वरचा बॅनर आणि ते दोन खोके दिसत होते कारण त्यांना तरंगायचं नव्हतंच, आणि तीन रेघांचा मेनू उघडत नव्हता तोही ह्याच कारणाने.

पण जेक्वेरी उशिरा का आली? कारण मी तिला उशीर करायला सांगितलं होतं. हो, मीच.

दोन आठवड्यांपूर्वी मी गूगलच्या पेजस्पीडवर आत्याची साइट तपासली होती आणि मोबाइलचा स्कोअर आला होता 41. लाल. मला ते लागलं हो. शाळेत कधी 41 नाही मिळाले. मग मी स्पीडच्या प्लगइनमध्ये जाऊन जे जे दिसेल त्यावर टिक केलं, त्यातली एक टिक होती जावास्क्रिप्ट डिफर करायची. डिफर म्हणजे ह्या फाइली लगेच चालवू नका, आधी पान वाचून होऊ द्या. पण डिफर लागू होतं ते बाहेरून येणाऱ्या फाइलींना, पानाच्या आत लिहिलेल्या स्क्रिप्ट त्याला जुमानत नाहीत, त्या जिथे आहेत तिथेच लगेच चालतात. म्हणजे जेक्वेरी थांबली आणि तिला हाक मारणारी थांबली नाही. स्कोअर मात्र झाला 92, हिरवा गोल, मी त्याचा स्क्रीनशॉट भावाला पण पाठवला होता. आता कळतंय की हिरवा यायचं एक कारण हेही होतं की फोटोच भरले जात नव्हते. दुकानात मालच मांडला नाही तर शटर भराभर वर जाणारच ना.

टिक काढली, प्लगइनची कॅशे रिकामी केली, इनकॉग्निटो, पूर्ण पान. मेनू उघडला. रात्रीचा एक वाजला होता. (जेक्वेरीला फक्त वगळून बाकीच्यांना डिफर ठेवता येतं, वगळायच्या फाइलींची एक जागा असते तिथे तिचं नाव टाकायचं. हे मी नंतर केलं, त्या रात्री हात लावायची हिंमत नव्हती.)

मी विजयी मुद्रेने झोपले.

सकाळी नाशिकच्या बाईंचा आत्याला निरोप, आत्याचा मला. "होम पेज छान आलं, पण चटई किनारीचा जोड उघडला की खालचं काही येत नाही." मी म्हटलं जुनंच काहीतरी उरलं असेल, आणि कन्सोल उघडला. कन्सोल स्वच्छ. एकही लाल ओळ नाही. आदल्या रात्री ज्या जागेने मला वाचवलं होतं ती जागा आता सांगत होती की सगळं ठीक आहे, आणि समोर पान अर्धं. साडीचा फोटो आहे, नाव आहे, "किनार, दुसरी बाजू" एवढं शीर्षक आहे, आणि पुढे काही नाही. किंमत नाही. "कार्टमध्ये टाका" चं बटण नाही. फूटर नाही.

बटण नाही हे दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. म्हणजे मंदी वगैरे काही नव्हती, जोड विकत घ्यायची सोयच नव्हती! दहा दिवस लोक येत होते, फोटो बघत होते आणि पैसे कुठे द्यायचे ते न सापडून परत जात होते, आणि आत्या इकडे दोनशे-दोनशे रुपये कमी करत बसली होती.

पुन्हा कंट्रोल यू. पुन्हा शेवटापर्यंत. आणि ह्या वेळेला शेवट नव्हताच. मजकूर मध्येच तुटलेला, शेवटची ओळ माझ्या त्या लाडक्या चौकटीचं शीर्षक, त्यानंतर शून्य. म्हणजे ही कालच्यापेक्षा वेगळीच भानगड, काल पान पूर्ण आलं होतं आणि लपलं होतं, आज पान आलंच नव्हतं. कन्सोल स्वच्छ का, तर ज्या स्क्रिप्ट चुकायच्या त्या फूटरमध्ये असतात आणि फूटरपर्यंत सर्व्हर पोचलाच नाही. जो आलाच नाही तो भांडणार कसा.

आणि तुटलं कुठे ते पानानेच सांगितलं होतं. मला शोधायचं काही नव्हतं, फक्त कबूल करायचं होतं.

तरी पुरावा म्हणून लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, बघितला. वूकॉमर्समध्ये स्टेटस मध्ये गेलं की लॉग्स असतात, तिथे फेटल एरर्स नावाची फाइल होती, एक नाही, दहा दिवसांच्या दहा. कुणी कधी उघडायचं ते उघडलं नव्हतं. आत एकच गाणं, टाइपएरर, काउंटला, म्हणजे मोजायच्या आज्ञेला, यादी द्यायला हवी होती आणि दिली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, फाइल माझ्या चाइल्ड थीमची, ओळ 23.

गोष्ट अशी की मी लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूचे फोटो किती आहेत ते मोज आणि असतील तेवढे दाखव. जुन्या सगळ्या साड्यांना ते फोटो मीच भरले होते, त्यामुळे मोजायला यादी असायची. पण हे चौदा जोड आत्याने स्वतः फोनवरच्या ॲपमधून चढवले होते, समोरचा एक फोटो टाकला आणि झालं, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. रिकामी म्हणजे रिकामी यादी पण नाही, नुसती कोरी स्ट्रिंग. जुनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) अशा वेळी एक वॉर्निंग पुटपुटून पुढे जायची, पीएचपी 8 पासून ती सरळ थांबते. आणि आमच्या होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांनी, महिनाभरापूर्वी 7.4 वरून आठवर नेलं होतं. तसं त्यांनी मेल करून कळवलं होतं, दोनदा, रीतसर, मेल आत्याच्या इनबॉक्समध्ये साड्यांच्या सेलच्या मेलखाली न वाचलेलं पडून होतं. 7.4 ची मुदत 2022 मध्येच संपली होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार.

एक गोष्ट मला आधी कळत नव्हती, की वर्डप्रेस असं कोसळलं की एक ठरलेलं वाक्य दाखवतं, साइटवर गंभीर एरर आला आहे अशा अर्थाचं, 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून, मग इथे ते का नाही दिसलं? तर ते पूर्ण पानाच्या जागी येतं, आणि त्यासाठी पान पाठवायला सुरुवात झालेली नसावी लागते. इथे अर्धं पान आधीच गिऱ्हाइकाकडे निघून गेलं होतं. सुटलेल्या बसची पाटी कशी बदलणार. म्हणून ना एरर, ना वाक्य, नुसतं तुटलेलं पान, आणि बघणाऱ्याला वाटतं नेट स्लो आहे.

(सोमवारी सकाळी मी काय म्हटलं होतं ते आठवलं का.)

दुरुस्ती एका ओळीची. आधी विचार की ही यादी आहे का, असेल तरच मोज, नसेल तर चौकट सोडून पुढे जा. आधी फाइलची कॉपी काढून ठेवली, मग होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून बदललं, चटई जोड उघडला, किंमत आली, बटण आलं, फूटर आला. बाकीचे तेरा जोड एक एक करून उघडून बघितले, इनकॉग्निटोत, अर्थातच. शिवाय आत्याच्या नावाने एक खोटी ऑर्डर पेमेंटच्या पानापर्यंत नेऊन बघितली, कारण आता माझा माझ्यावरच विश्वास राहिला नव्हता.

आत्याला फोन करून सांगितलं झालं. तिने नाशिकला सांगितलं झालं. नाशिकहून उत्तर, अजून तसंच आहे. मी कपाळ धरून बसले. पाच मिनिटांनी त्यांनी फोन बंद-चालू करून, ब्राउझरचा जुना डेटा काढून बघितलं तर आलं. म्हणजे त्यांच्याकडे जुनं पान साठलेलं होतं. म्हणजे कॅशे. भावाला हे सांगायचं नव्हतं पण आत्याने सांगितलं, आणि आता तो प्रत्येक फोनच्या शेवटी "कॅशे क्लीअर केलीस ना?" विचारून हसतो. तीन भानगडींपैकी एक, ती पण सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात किरकोळ, पण श्रेय त्याला.

आत्याला मी दोन भानगडी वेगवेगळ्या समजावून सांगायचा प्रयत्न केला, एक लपलेली आणि एक तुटलेली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, म्हणजे पहिल्यात साडीला घडी पडलेली, इस्त्री केली की झालं, आणि दुसऱ्यात मागावरच धागा तुटलेला, तिथवरच विणलं गेलंय. हे तिने माझ्यापेक्षा बरं सांगितलं. वर विचारलं की धागा कुठे तुटला ते विणकर कसं शोधतो माहितीये का, जिथे कापड संपतं तिथे बघतो. मी गप्प बसले.

चौदातले नऊ जोड महालक्ष्म्यांच्या आधी गेले. दोनशे रुपये कमी केलेलेच गेले, ते परत वाढवायचं आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नाही. नाशिकच्या बाईंना आत्याने चटईचा जोड पाठवला आणि सोबत एक सुती ओढणी तशीच, बिलात न धरता.

पेजस्पीडचा स्कोअर सध्या 63 आहे, केशरी. मी तिकडे बघत नाही.

आणि ज्या साड्यांना दुसऱ्या बाजूचा फोटो नाही तिथे चौकट गाळून टाकायच्या ऐवजी मी नंतर एक ओळ टाकली, "मागची बाजू बघायची असल्यास फोन करा", खाली आत्याचा नंबर. वाटलं होतं की फोनचा कंटाळा येऊन तरी ती फोटो भरेल. गेल्या आठवड्यात अठरा फोन आले, त्यातल्या चार जणींनी साडी घेतली, बाकीच्यांशी तिच्या गप्पा झाल्या, एक तर निघाली देवासची, हिच्या शाळेतली. मी म्हटलं आता फोटो टाकूया का, तर म्हणते राहू दे, त्या ओळीला हात लावू नकोस.